पावसाळ्यात सर्फिंग बंद: तलाव की सर्फस्केट?

मे महिन्यात कर्नाटकातल्या मुळकीहून सर्फिंग करून पुण्याला परतलो की पुढचे चार महिने पश्चिम किनारा विसरायचा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो आणि शिकवणारे बहुतेक जण बोर्ड आत ठेवून देतात. चेन्नईजवळच्या कोवलमला तेव्हाही लाटा मिळतात, पण दर शनिवारी विमान पकडणं खिशाला झेपत नाही. कोथरूडात बसून लाटांचा अंदाज सांगणारं अ‍ॅप बघत राहायचं, हेही करून झालंय. त्यानं नुसती चिडचिड वाढते.

ज्यावर पैसे आणि संध्याकाळचा वेळ खर्चावा असे पर्याय माझ्या मते दोनच.

आधी पोहण्याचा तलाव. समुद्रातल्या एका तासाचा हिशेब मांडून बघा. जवळजवळ निम्मा वेळ पालथं पडून हात मारण्यात जातो, उरलेला बहुतेक बोर्डवर बसून लाटेची वाट बघण्यात. उभं राहून लाटेवर सरकणं तासाभरात जेमतेम दोन-तीन मिनिटं. म्हणून खंड पडला की सगळ्यात आधी खांदे दगा देतात. एका वर्षी मी पावसाळाभर नुसता लोळलो आणि ऑक्टोबरात गेलो. उभं राहणं अंगात होतं, पण लाटा फुटतात त्याच्या पलीकडे पोचेपर्यंतच हात गळाले. पुढच्या वर्षी आठवड्यातून तीनदा पोहलो, तेव्हा हा त्रास झाला नाही. पाऊस पडत असला तरी तलावाला काही फरक पडत नाही. तोटेही आहेत. पाऊण तासाच्या बॅचमध्ये निम्मा वेळ मधेच उभ्या राहिलेल्या पोरांना चुकवण्यात जातो. शिवाय फ्रीस्टाइलमध्ये अंग या कुशीवरून त्या कुशीवर वळतं, बोर्डवर ते सपाट राहून छाती वर उचललेली लागते. त्यासाठी घरी भुजंगासन आणि शलभासन. आणि एकट्यानं पाण्याखाली श्वास रोखायचा सराव अजिबात नको. शुद्ध जाते ती कळतही नाही.

सर्फस्केट म्हणजे लाटेवरच्यासारखी वळणं घेणारा स्केटबोर्ड. त्याची मजा मात्र तलावाला नाही, हे कबूल. स्केटबोर्डचा जन्मच मुळी १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात लाटा नसलेल्या दिवसांत झाला. त्याला फुटपाथवरचं सर्फिंगच म्हणायचे. सर्फस्केटचा पुढचा ट्रक, म्हणजे चाकं धरणारा सांधा, जास्त वळतो, त्यामुळे पाय खाली न टेकता नुसत्या कंबर-खांद्यांच्या पिळावर पुढे जाता येतं. वळणं शिकायला याहून चांगलं जमिनीवर काही नाही. अडचण पुण्याची आहे. रस्त्यावर खडी आणि खड्डे, ओल्यात चाकं घसरतात, बेअरिंग गंजतात. उरतं सोसायटीचं बेसमेंट, आणि तिथे आधी वॉचमनकाका, मग चेअरमन. पाण्यात पडलं तर नाकात पाणी जातं; फरशीवर पडलं तर मनगट जातं आणि त्याबरोबर ऑक्टोबरही. हेल्मेट आणि मनगटाच्या गार्डशिवाय घेऊच नका.

बाकीचं थोडक्यात. सिंहगड चढल्यानं दम वाढतो, पण वरच्या पिठलं-भाकरीचा वाटा त्यात किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. पानशेतला कयाक छान, पण ते बसून वल्हवणं. पालथ्या पाठीचा कस त्यात लागत नाही. बॅलन्स बोर्ड ऑफिसच्या कॉलवर उभं राहायला बरा.

पालथ्यावरून एका झेपेत उभं राहायचा सराव हवा असेल तर काही विकत घ्यायची गरज नाही. आजोबांच्या पिढीचे जोर काढा आणि शेवटच्या जोराला दोन्ही पाय एकदम छातीखाली आणा. दिवसाला वीस पुरेत, खालच्या मजल्यावरचे तक्रार करेपर्यंत.

एकच काहीतरी परवडणार असेल आणि तुम्ही अजून शिकाऊ असाल, तर तलाव घ्या. लाटेवर वळायला लागला असाल आणि पोहणं आधीच पक्कं असेल, तरच सर्फस्केटचा विचार करा. माझ्याकडे आता दोन्ही आहेत. जून ते ऑक्टोबर तलाव. डिसेंबरात तलावाच्या पाण्यात पाय घालवत नाही, तेव्हा स्केट बाहेर निघतो. तोवर पार्किंगही कोरडं झालेलं असतं.