रेशनऐवजी खात्यात पैसे: मोठ्या कुटुंबाला परवडतं का?

मराठवाड्यातल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2 रुपयांनी गहू, 3 रुपयांनी तांदूळ, महिन्याला माणशी 5 किलो मिळायचं. जानेवारी 2023 पासून धान्याऐवजी महिन्याला माणशी 150, नंतर 170 रुपये कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात येतात. आठ माणसांचे 1360. म्हणजे 40 किलोला किलोमागे 34 रुपये. गहू कसाबसा बसतो, बरा तांदूळ नाही. आणि भाव वाढला तरी रक्कम लगेच वाढत नाही. आमच्या मते खाती तोंडं जास्त असलेल्या घराला धान्यच बरं होतं.

अर्जाला कार्डाची झेरॉक्स, सगळ्यांचे आधार, बाईच्या पासबुकाचं पहिलं पान लागतं. पैसे अडतात ते बहुतेक खात्याला आधार जोडलेलं नसल्यानं. दोन खाती असतील तर आधार शेवटी जोडलेल्या खात्यात पाहा, रक्कम तिकडे गेलेली असते. नवी सून, लहान लेकरू कार्डावर चढवलं नाही तर माणशी 170 बुडाले.

पैसे येतील तसे किराण्यात विरतात. सुगीत ज्वारी पोत्यानं घ्या, कडक उन्हं द्या, कडुनिंबाचा वाळला पाला घालून कोठीत भरा. ओल राहिली तर सोंडे लागतात.