रिफ्राइड ब्लॅक बीन्स घरी: टिन, कोरडे दाणे की सरळ चित्रा राजमा?

रिफ्राइड बीन्स म्हणजे शिजवलेले दाणे फोडणीत घालून घोटायचा मेक्सिकन पदार्थ. त्याचं एक बरं आहे, फोडणी घालणं आणि घोटणं हे सगळं मिळून वीस मिनिटांचं काम आणि त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही, खरा प्रश्न असतो तो शिजलेले दाणे आणायचे कुठून. इंदूरात आपल्याला तीन सोयी आहेत: टिनमधले ब्लॅक बीन्स, ऑनलाइन मागवलेले कोरडे ब्लॅक बीन्स, नाहीतर सियागंजच्या किराणा बाजारातून आणलेला चित्रा राजमा. तिन्ही चालतात, पण आठवड्यातल्या कामाच्या रात्री तिन्ही सारखे नाहीत.

टिनचं आधी उरकून टाकू. 400 ग्रॅमच्या टिनमधलं पाणी निथळलं की 240 ग्रॅमच्या आसपास दाणे हाती येतात, म्हणजे दोघांचं जेवण. शिजवायचं नाही, भिजवायचं नाही, साडेआठला घरी आलात तरी नऊला ताटं वाढता येतात, ही एवढीच त्याची कमाई. त्यातलं दाटसर पाणी फेकू नका, घोटताना तेच कामाला येतं, फक्त त्यात मीठ असतं म्हणून वरून मीठ घालायच्या आधी चाखून बघा. भाव मात्र मला दर आठवड्याला परवडण्यातला वाटत नाही. एका टिनच्या पैशात चित्रा राजमा किती येतो याचा हिशोब एकदा करून बघा, टिन आपोआप अडीअडचणीच्या फळीवर जाऊन बसेल.

कोरडे ब्लॅक बीन्स चवीत सगळ्यात पुढे, यात मला शंका नाही. कारण दाण्यापेक्षाही त्याचं शिजलेलं पाणी, काळपट जांभळं, घट्ट, जरा मातकट वासाचं, रिफ्राइड बीन्सला जी चव लागते ती अर्धी त्या पाण्यात असते. एक कप कोरड्या दाण्यांचे शिजून अडीच ते तीन कप होतात. मागवताना फोटो नीट बघा हं, ब्लॅक बीन्स शोधले की मधेच काळे उडीद नाहीतर काळं सोयाबीन पण समोर येतं. आपल्याला हवा तो राजम्याच्या जातीचाच, पण आकाराने लहान, काळा कुळकुळीत दाणा, मधे पांढरा डोळा असलेला.

आता चित्रा राजमा. लोक याला नाइलाजाचा पर्याय समजतात ते मला पटत नाही. मेक्सिकोत काळे बीन्स जास्त करून दक्षिणेकडे, ओआहाका, वेराक्रूझ, युकातान या बाजूला, उत्तरेकडे रिफ्राइड बीन्स होतात ते पिंटोचे, आणि पिंटो म्हणजे आपल्या चित्र्यासारखाच ठिपकेवाला फिक्कट दाणा. म्हणजे चित्रा घेतलात तर नक्कल नाही झाली, फक्त उत्तरेकडचे झाले. घोटल्यावर तो लोण्यासारखा मऊ होतो, साल तोंडात येत नाही. रंग मात्र काळा येणार नाही, तपकिरी-गुलाबी येईल, आणि चव सौम्य, त्यामुळे लसूण नि मिरची जरा सढळ हाताने घालावी लागते. जाड सालीचा मोठा लाल राजमा मात्र यासाठी नको, घोटताना सालपटं वेगळी राहतात.

कोरडं काहीही घ्या, रात्री भिजवायची आठवण राहते का यावर सगळं अडतं. सात-आठ तास भिजवा, भिजवताना चमचाभर मीठ घातलं की साल मऊ पडते, ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला लावा. पहिली शिट्टी झाली की मंद आचेवर ब्लॅक बीन्सला पंधरा मिनिटं, चित्र्याला वीस. बोअरिंगच्या जड पाण्यात दाणे शिजता शिजत नाहीत, त्यापेक्षा नर्मदेचं नाहीतर आरओचं पाणी घ्या. टोमॅटो-लिंबू कुकरमधे अजिबात नको, आंबटामुळे दाणा कडक राहतो, ते शेवटी. आणि एक महत्त्वाचं, स्लो कुकरमधे मंद आचेवर राजमा शिजवायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका, कच्च्या राजम्यात जे विषारी द्रव्य असतं (लाल राजम्यात सगळ्यात जास्त) ते खळखळून निदान दहा मिनिटं उकळल्याशिवाय जात नाही. प्रेशर कुकरमधे ही काळजी नाही.

पुढचं सोपं. तीन कप दाण्यांना दोन मोठे चमचे तेल, त्यात बारीक कांदा चांगला लाल होईपर्यंत, मग लसूण, जिरं, हिरवी मिरची, मग दाणे आणि वाटीभर त्यांचंच पाणी, आणि कढईतच पावभाजीच्या मॅशरने घोटायचं. मिक्सर नको, अगदी चिकट लगदा होतो, थोडे दाणे अर्धवट राहिलेलेच छान लागतात. तिकडे पारंपरिक म्हणजे डुकराची चरबी, आपल्याकडे बहुतेक घरांत ते होणार नाही, पण म्हणून तूप घालू नका, तुपाने ते दाल मखनीच्या वाटेला लागतात, साधं तेलच बरं. काळ्या बीन्समधे तिकडे एपासोते नावाचा पाला घालतात, तो इथे मिळत नाही, चिमूटभर ओवा चुरडून घातला तर चव तीच येत नाही पण पोटाला बरं. वरून जिरावन (पोह्यांवर घालतात तो इंदुरी मसाला) भुरभुरवलं तर मेक्सिकन माणूस काय म्हणेल माहीत नाही, मला आवडतं. गॅस बंद करताना जरा पातळच ठेवा, गार झाल्यावर फार आळतात.

तर निवड अशी: भिजवायचं लक्षात राहत असेल आणि महिन्याचं सामान एकदाच भरत असाल तर ब्लॅक बीन्स मागवा, किराणा दर आठवड्याला आणत असाल तर चित्रा, आणि एखादा टिन असू द्या, दिवसभर ऑफिसात असणाऱ्यांनी तर नक्कीच. रविवारी अर्धा किलो एकदम शिजवून पाण्यासकट डब्यांत भरून फ्रीजरला टाकले की दोन-तीन महिने राहतात, फ्रीजमधे तीन-चार दिवस. घोटून ठेवण्यापेक्षा अख्खे ठेवा, म्हणजे कधी मूड बदलला तर त्याच डब्यातून राजमा-चावल पण होतो. सकाळी ऑफिसला निघताना एक डबा फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमधे ठेवायचा, रात्री सरळ कढईत.