मरीन ड्राइव्ह ते ऋषिकेश: पाण्याआधीच्या त्या पंचवीस मिनिटांसाठी पूर्ण मार्क

माझं आजोळ महेश्वरचं. नर्मदेत पोहायला मी सातव्या वर्षी शिकले आणि आता छप्पन्नाव्या वर्षीही इंदूरला रोज सकाळी तरणतलावावर जाते. म्हणून दिवाळीनंतर भाच्यांनी ऋषिकेशच्या राफ्टिंगचं बुकिंग केलं तेव्हा काळजी ह्यांना होती, मला नव्हती. तपोवनातली एक लहानशी कंपनी, मरीन ड्राइव्हपासून खाली ऋषिकेशपर्यंत सुमारे २५ किलोमीटर, माणशी १,५०० रुपये. मी, हे, जाऊबाई, दोन भाच्या आणि धाकटीचा नवरा असे सहा जण होतो.

हे मरीन ड्राइव्ह म्हणजे बद्रीनाथच्या रस्त्याखालचा वाळूचा किनारा. जीपच्या टपावरून राफ्ट उतरवली आणि मला वाटलं, आता बसायचं. पण आमचा गाईड, चाळिशीचा गढवाली माणूस, कुणालाही पाण्याजवळ जाऊ देईना. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि खांद्याला धरून जॅकेट वर ओढून पाहिलं. माझं सरकत कानापर्यंत आलं. ते काढून त्याने लहान मापाचं दिलं. जॅकेट ढिलं असलं तर ते वर तरंगतं आणि माणूस आत खाली राहतो, असं त्याने समजावलं. मग वल्ह्याच्या टोकाची टी-आकाराची मूठ: ती हातातून सुटली की शेजारच्याचे दात जातात. पाय आडव्या फुगीर नळीखाली कसे अडकवायचे, ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘डाउन’ म्हटलं की काय करायचं, हे सगळं कोरड्या वाळूत राफ्टवर बसवून करून घेतलं.

मला पोहता येतं हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “माताजी, बहुत अच्छी बात है, पर रैपिड में तैरना नहीं है।” रॅपिड म्हणजे नदीचा दगडांमधून उसळत धावणारा टप्पा. पडलात तर पाठीवर व्हायचं, पाय वाहत्या दिशेला, पायांची बोटं पाण्याच्या वर. आणि पाणी गुडघाभर दिसलं तरी उभं राहायचं नाही, कारण दोन दगडांत पाऊल अडकतं आणि मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे पाडून पाण्याखाली दाबून धरतो. हे ऐकून मी खरंच गप्प झाले. महेश्वरच्या घाटावर मामाने आम्हाला उलटं शिकवलं होतं: घाबरलं की आधी पायाने तळ शोध. घाटाच्या संथ पाण्यात ते बरोबरच होतं. पण पन्नास वर्षांची ती सवय घेऊन मी इथे उतरत होते. त्याने माझ्याकडून तीनदा ते म्हणवून घेतलं आणि वाळूवर झोपून करायलाही लावलं. पंचवीस मिनिटं गेली. शेजारच्या दोन राफ्ट तोवर निघूनही गेल्या होत्या.

महेश्वरजवळच्या सहस्रधारेला नर्मदा काळ्या बेसाल्टवर पसरून शेकडो धारांनी धावते, ते पाणी मी लहानपणापासून पाहिलंय. इथे वर देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एक होतात आणि ते सगळं पाणी उभ्या डोंगरांच्या मधल्या एकाच घळीतून येतं. पावसाळ्याचा गाळ खाली बसलेला, रंग पाचूसारखा हिरवा. थ्री ब्लाइंड माइस आणि क्रॉस फायर हे रॅपिड आम्ही व्यवस्थित पार केले. मधल्या संथ पट्ट्यात गाईड पाणी वाचायला शिकवत होता. दोन लाटांच्या मधे गुळगुळीत पाण्याची जीभ दिसते, तिचं टोक खालच्या दिशेला असेल तर ती वाट. टोक आपल्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली दगड. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं वर फिरतं, त्या आडोशाला राफ्ट थांबवता येते. मला हा सगळ्यात आवडलेला भाग. लाटांचा थरार भाच्यांचा, हे शिकणं माझं.

शिवपुरीच्या खाली रोलर कोस्टर नावाचा रॅपिड लागतो. तिसऱ्या लाटेला राफ्ट उभी झाली आणि मी व जावई बाहेर फेकले गेलो. पाणी इतकं गार की श्वास छातीतच अडकला. आणि माझे गुडघे वाकले, पाय तळ शोधायला निघाले. “माताजी, पैर ऊपर!” हा आवाज आला नसता तर मी उभी राहायचा प्रयत्न केलाच असता. पाठीवर झाले, बोटं वर काढली, दोन लाटा तोंडावरून गेल्या. मग आमच्यासोबत कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, घेऊन येणारा मुलगा आला, त्याच्या कयाकच्या पुढच्या टोकाची कडी धरली. राफ्टमध्ये मला ओढून घेतलं ते जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून. सकाळी गाईडने तेच ओढून पाहिले होते.

पुढे गोल्फ कोर्स, क्लब हाउस हे रॅपिड, मधे मॅगी पॉइंटला चहा आणि मॅगी. जाऊबाईंनी खडकावरून उडी मारली.

आता तक्रारी. शेवटच्या किनाऱ्यावर बायकांना कपडे बदलायला साधा पडदाही नव्हता. परतीची जीप येईपर्यंत चाळीस मिनिटं आम्ही ओल्या कपड्यांत वाऱ्यात उभे होतो. वर जाताना एका जीपमध्ये बारा जण कोंबले होते, तेही घाटरस्त्यावर. पाण्यात इतकी काळजी घेणाऱ्यांना हे शोभत नाही. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचे पैसे वेगळे आहेत हे बुकिंगच्या वेळी सांगितलं नव्हतं. एकूण पाचपैकी चार.

आमच्या भिशीतली एक मैत्रीण मागच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडून गेली होती. तिथे राफ्टमध्ये हवा भरता भरता पाच मिनिटांत सूचना उरकल्या आणि सोबत कयाक नव्हतीच. म्हणून फोनवर दर विचारण्याआधी हे विचारा: सेफ्टी कयाक बरोबर येणार का, आणि किनाऱ्यावर किती वेळ शिकवणार? जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर जाऊ नका. पहिल्यांदाच जाताय आणि धीर होत नसेल तर ब्रह्मपुरीपासूनचा ९ किलोमीटरचा टप्पा घ्या.

धाकट्या भाचीला आता कौडियालापासून उतरून ‘द वॉल’ हा रॅपिड करायचा आहे, तो मरीन ड्राइव्हच्याही वर, ब्यासीजवळ. मार्चमध्ये जायचं ठरतंय आणि गाईड तोच हवा असं मी कंपनीला कळवलंय. निघताना त्याने स्वतःच्या वहीत माझ्या नावापुढे जॅकेटचं माप लिहून ठेवलं: स्मॉल.