‘देस्पासितो’ : मूळ गाणे ऐकावे की बीबरची आवृत्ती?

पोर्तो रिकोच्या लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी या दोघांचे ‘देस्पासितो’ हे प्रेमगीत जानेवारी २०१७ मध्ये आले आणि स्पॅनिशभाषक देशांत लगोलग गाजले. अमेरिकेतील इंग्रजी रेडिओ केंद्रांची दारे मात्र एप्रिलमध्ये कॅनडाचा पॉप गायक जस्टिन बीबर याच्या इंग्रजी ओळी जोडलेली आवृत्ती निघाल्यावरच त्याला सताड उघडी झाली. त्यानंतर ते बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मुख्यतः स्पॅनिशमध्ये असलेल्या गाण्याला हे स्थान १९९६ मधील ‘माकारेना’नंतर प्रथमच मिळत होते.

या यशाचे सगळे श्रेय बीबरच्या नावाला देणे मला पटत नाही. गाण्याची खरी ताकद त्याच्या बांधणीत आहे. आरंभी क्वात्रो हे पाच जोड्यांत दहा तारा असलेले पोर्तो रिकोचे वाद्य एकटेच खणखणीत वाजते, मग फोन्सीचा आवाज सावकाश चढत जातो, आणि रेगेटॉन या लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताचा ठेका ऐन ध्रुवपदाच्या तोंडाशी थबकून, ‘देस्पासितो’ (सावकाश) या शब्दाचे अक्षर-अक्षर सुटे झाल्यावरच पुन्हा पूर्ण जोराने सुरू होतो. सम मुद्दाम लांबवून मग नेमकी गाठणाऱ्या गवयाला आपण जी दाद देतो, तीच इथेही आपसूक निघते. डॅडी यांकीचे वेगवान कडवे मला तितकेसे रुचले नाही. ठेका त्यामुळे सावरतो, पण तोवर जमलेला मुलायमपणा विरतो.

बीबरच्या इंग्रजी ओळी तर या गाण्यातील सर्वांत सपाट भाग आहेत. ज्या श्रोत्याला परभाषेतील गाणे ऐकायची सवय नाही, त्याच्यासाठी त्या कदाचित आवश्यक असतील. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत धारवाड आकाशवाणीवरची कन्नड भावगीते आणि सांगलीवरची मराठी भावगीते एकाच रेडिओवर ऐकली गेली आहेत, आणि चाल आवडली की अर्थ मागाहून शेजाऱ्याला विचारायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. आपल्या कानाला असली कुबडी लागत नाही.

फोन्सीने एरिका एन्डर या पनामाच्या गीतकार स्त्रीसोबत रचलेले शब्द उघडपणे शृंगारिक आहेत, आणि त्यामुळेच जुलै २०१७ मध्ये मलेशियाच्या सरकारी प्रसारण संस्थेने हे गाणे वाजवणे थांबवले. खासगी केंद्रांवर ते चालूच राहिले. लावणी ऐकत आलेल्या श्रोत्याला त्यात दचकण्यासारखे फारसे काही आढळणार नाही, तरी लहान मुलांच्या स्नेहसंमेलनात ते नाचासाठी निवडण्याआधी अर्थ पाहून घ्यावा.

दोन्ही आवृत्त्या एकाच नावाने सापडतात. ज्या आवृत्तीत आधी क्वात्रोच्या तारा ऐकू येतात, ती मूळ, तीच ऐकावी.