सोसायटीतलं ब्रॉडबँड: कनेक्शन घ्यायच्या आधी गच्चीवर जाऊन वायर बघा

पुण्यात सिंहगड रोडला आमची जुनी सात मजली सोसायटी आहे आणि आम्ही इथे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट वापरून बघितलंय. दोघांचीही नावं देत नाहीये, कारण त्याच कंपनीचं नेट शेजारच्या बिल्डिंगमध्ये मस्त चालतं आणि आमच्याकडे रडतं, त्यामुळे नाव वाचून तुमचा काहीच फायदा नाही. फरक कंपनीत कमी आणि रस्त्यावरून तुमच्या हॉलपर्यंत वायर कशी आलीये त्यात जास्त आहे, म्हणून तेच सांगते.

पहिलं कनेक्शन एरियातल्या केबलवाल्याकडून. बिल्डरच्या वेळेपासून डक्टमध्ये (वायरी वर-खाली नेण्याच्या पोकळीत) त्याच्याच वायरी, दुसरा कोणी आला की कमिटीकडे तक्रार, त्यामुळे बरीच वर्षं चॉइसच नव्हता. पत्रकावर मोठ्या अक्षरात फायबर, १०० एमबीपीएस. प्रत्यक्षात फायबर, म्हणजे प्रकाशातून नेट आणणारी काचेची बारीक तार, फक्त गच्चीपर्यंत होती, तिथे पत्र्याच्या डब्यात एक स्विच (एका वायरचं नेट अनेक घरांना वाटणारं, विजेवर चालणारं यंत्र) आणि त्यातून साध्या लॅन केबल बाहेरच्या भिंतीवरून प्रत्येक फ्लॅटला सोडलेल्या. आता आपल्याकडे गुरुवार म्हणजे महावितरणच्या मेंटेनन्सचा दिवस. लाईट गेली की घरात इन्व्हर्टरवर राउटर चालू, वायफायला फुल दांड्या, पण नेट नाही, कारण गच्चीवरच्या त्या स्विचला बॅटरीच नाही! आमच्या ह्यांची गुरुवारी सकाळी ऑफिसची मीटिंग असते, ती मोबाइल हॉटस्पॉटवर करायची तर दुसऱ्या मजल्यावर रेंज येत नाही, मग लॅपटॉप घेऊन जिन्यात बसायचं. आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस विजांसकट आला की वेगळाच त्रास, लॅन केबल तांब्याची असते, जवळपास वीज पडली तरी स्विचचे नाहीतर राउटरचे पोर्ट उडतात. आमच्या विंगमध्ये एका संध्याकाळी तीन घरांचे राउटर गेले आणि केबलवाला म्हणाला तुमचा राउटर, तुमची जबाबदारी. ह्याचा मला अजून राग आहे.

फोन केला की उत्तर ठरलेलं, "मॅडम, वरूनच प्रॉब्लेम आहे, पूर्ण एरिया डाऊन आहे." हे ऐकलं की लगेच शेजारच्या बिल्डिंगमधल्या ओळखीच्या कोणाला तरी विचारा. त्यांचं चालू असेल तर प्रॉब्लेम तुमच्याच गच्चीवर आहे आणि तसं ठामपणे सांगता येतं.

तुमच्याकडे खरी फायबर आहे का हे कळायला टेक्निकल माणूस लागत नाही. घरात येणारी वायर बारीक, शेवटी बहुतेक वेळा हिरवा चौकोनी कनेक्टर आणि घरात बसवलेल्या कंपनीच्या डब्यावर पॉन (फायबरचा सिग्नल आहे) आणि एलओएस (सिग्नल गेला) असे लाईट असतील तर फायबर घरापर्यंत आलीये. भिंतीतून जाड वायर येऊन जुन्या लॅनच्या पिनने थेट राउटरमध्ये जात असेल तर फायबर कुठेतरी वरच थांबलीये, पत्रकात काहीही छापलेलं असो.

दुसरं कनेक्शन खरं फायबरचं, आणि हा रिव्ह्यू मुख्यतः त्याचा. ह्यात बिल्डिंगमध्ये फक्त स्प्लिटर असतो, तो एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटतो आणि त्याला वीज लागत नाही. त्यामुळे ऑपरेटरकडे बॅकअप असेल आणि तुमच्या घरात डबा आणि राउटर इन्व्हर्टरवर असतील, तर लाईट गेली तरी नेट चालतं. आमचं चालतं. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो घ्या. १०० च्या प्लॅनला लॅन वायर लावून ९४-९५ चा स्पीड येतो, म्हणजे व्यवस्थित. आतल्या खोलीत वायफायवर कमी येतो, पण तो दोष कंपनीचा नाही, मध्ये भिंती आहेत आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी, आम्ही राउटर पॅसेजमध्ये आणून ५ गिगाहर्ट्झवर टाकला आणि फरक पडला.

पण पहिल्याच पावसाळ्यात नेट दिवसातून कितीतरी वेळा जायला लागलं, एलओएसचा लाल लाईट लागायचा, परत जायचा. ॲपवर तक्रार टाकली, एक मुलगा आला, राउटर बंद-चालू केला आणि गेला. पुढच्या वेळी तर कोणी आलंच नाही आणि मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. स्टार कापलेत ते ह्याच्यासाठी. नेट बंद पडणं मी समजू शकते, पण न येता तक्रार बंद करणं हा सरळ खोटेपणा आहे. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, लिहून ठेवा. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तक्रारीने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अथॉरिटीकडे ३० दिवसांत अपील करता येतं आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. आमच्या बाबतीत अपील हा शब्द ईमेलमध्ये लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी सीनियर लाइनमन आले.

त्यांनी आधी पॉवर मीटर लावला, तो फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दाखवतो. उणे २९ डीबीएम. साधारण उणे २७ च्या खाली गेलं की लिंक टिकत नाही, आणि आधी आलेल्या मुलाने हे बघितलंच नव्हतं. मग कळलं की डक्टच्या जाळीपाशी फायबर काटकोनात वाकवून प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधली होती आणि गच्चीवरच्या जॉइंट बॉक्सला झाकण नव्हतं, आत पाणी. दादांनी तुकडा कापून नवीन जोड मारला, वळण मोठं ठेवलं, रीडिंग उणे १९ वर आलं आणि तेव्हापासून लाल लाईट बघितलेला नाही. हे सगळं त्यांनी भर पावसात टाकीच्या बाजूच्या कठड्यावर चढून केलं, कमरेला पट्टा नाही की पायात धड बूट नाहीत. एवढ्या घरांकडून पैसे घेणाऱ्या कंपनीला आपल्या माणसाला सेफ्टी बेल्ट देता येत नाही? त्यांना वॉचमनने गच्चीची चावी देईपर्यंत अर्धा तास खाली उभं केलं ते वेगळंच, आणि ते आपल्या सोसायटीचं काम आहे.

प्लॅन महिना सातशेच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी. वर्षाचे एकदम भरले तर डिस्काउंट देतात, मी घेतलं नाही आणि तुम्हीही पहिला पावसाळा निघेपर्यंत घेऊ नका, पैसे अडकले की सोडून जाता येत नाही.

कमिटीवाल्यांना एक विनंती. डक्ट एकाच ऑपरेटरला आंदण देऊ नका. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग देण्याचे नियम काढलेत, म्हणजे बिल्डिंगमध्ये नेटची सोय कशी आहे हे पुढे फ्लॅट घेणारा विचारणारच. दोन-तीन कंपन्यांना जागा दिली तर प्रत्येकाला काम नीट करावं लागतं. आमच्याकडे दुसरी कंपनी आल्यावर त्याच केबलवाल्याने गच्चीवरच्या स्विचला महिन्याभरात बॅटरी बसवली.

नव्या कनेक्शनला पाचपैकी साडेतीन. लाइनमन दादांना पूर्ण पाच, आणि त्यांचं नाव मी कंपनीला वेगळं लिहून कळवलंय.