चढावर वाट कोणी पाहायची? जोडीसाठी दोन साध्या सायकली, टँडम की ई-सायकल

एक जण आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर सहज मारणारा आणि दुसऱ्याने शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, अशा जोडीला बरोबर फिरायचं असेल तर तीन वाटा आहेत. दोघांना दोन साध्या सायकली, दोघांत मिळून एक टँडम, म्हणजे एकामागे एक बसून दोघांनी चालवायची सायकल, किंवा सरावाच्या माणसाला साधी आणि नवख्याला ई-सायकल. तिन्हींवर आनंदाने फिरणाऱ्या जोड्या आहेत, त्यामुळे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडेल असं म्हणणार नाही. माझा निर्णय मात्र एकाच गोष्टीवर झाला, आणि ती गोष्ट दुकानात उभं राहून कळत नाही.

तीन किलोमीटरचा, सहा टक्क्यांचा चढ धरू. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो. सरावाचा माणूस २०० वॉटच्या आसपास जोर लावून ताशी १२ किलोमीटरने चढतो, नवखा १२० वॉटवर ८ किलोमीटरने. पहिला १५ मिनिटांत वर, दुसरा साडेबावीस मिनिटांत. मधली साडेसात मिनिटं पहिला पाणी पितो, घाम पुसतो, दोन फोटो काढतो. दुसरा धापा टाकत पोचतो तोवर पहिल्याचं अंग गार पडायला लागलेलं असतं, म्हणून तो म्हणतो, "चल, निघू या." ज्याला विसाव्याची खरी गरज त्याला एक मिनिटही नाही, आणि ज्याला नको होता त्याला भरपूर. एका फेरीत हे तीन-चारदा झालं की पुढच्या रविवारी जोडीदाराला नेमकं काहीतरी काम निघतं. सीटच्या दुखण्यामुळे सायकल सोडणारे असतात, पण या वाट पाहण्यामुळे सोडणारे त्याहून जास्त असावेत, असा माझा अंदाज आहे. सीट बदलता येते. आपल्यासाठी कोणीतरी खोळंबलंय ही टोचणी बदलत नाही.

हाच २०० आणि १२० वॉटचा फरक सपाटीवर एवढा जाणवत नाही. तिथे ताकद मुख्यतः हवा कापण्यात जाते, आणि वेग थोडा वाढला की हवेचा विरोध भराभर वाढतो. म्हणून सपाटीवर एक २८-२९ ने जाईल तर दुसरा २३ ने, आणि पहिल्याने जरा हात आखडता घेतला की दोघं शेजारी येतात. चढावर ताकद दीडपट तर वेगही जवळजवळ दीडपट.

दोन साध्या सायकली

तुमचे रस्ते सपाट असतील आणि ताकदीत फार तफावत नसेल, तर इथेच थांबा. खर्च सगळ्यात कमी, दुरुस्ती सोपी, आणि जोडीदाराला एकट्यालाही मनात येईल तेव्हा निघता येतं. फक्त आपली जुनी सायकल सीट खाली करून त्याच्या हाती देऊ नका. सीट खाली केल्याने उंची जुळते, पण हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं. हात ताणले जातात, मान आखडते, तळवे बधिर होतात, आणि अर्ध्या तासात "सायकल मला सोसत नाही" हा निष्कर्ष निघतो. फरक थोडा असेल तर हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, १०० मिमीच्या जागी ७० मिमीचा बसवून भागतं. जास्त असेल तर फ्रेमच लहान हवी.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाका. सीटची उंची अशी ठेवा की टाच पेडलवर टेकवून पेडल तळाला नेलं की पाय सरळ होतो. मग चवडा पेडलवर ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. आणि ब्रेकच्या मुठी जवळ घ्या. मुठीच्या बुडाशी बारीक स्क्रू असतो, तो अॅलन कीने आत फिरवला की मूठ हँडलकडे सरकते. लहान पंजाच्या माणसाला ब्रेक नीट कवेत येत नसेल तर उतारावर त्याच्या पोटात गोळा येतो, आणि ही भीती बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही. टायर ३५ ते ४० मिमी रुंदीचे असले तर हवा थोडी कमी ठेवता येते आणि अंगाला हादरे कमी बसतात.

आता चढ. सरावाच्या माणसाने सावकाश जावं, हा सल्ला सगळे देतात. तो पाळला का जात नाही, याचं उत्तर त्याच्याच गिअरमध्ये असतं. पुढे ३४ आणि मागे २८ दात, हा त्याचा सगळ्यात हलका गिअर असेल तर ताशी ८ किलोमीटरला त्याचे पाय मिनिटाला जेमतेम ५२ वेळा फिरतात. गुडघ्यावर भार येतो, सायकल डुलायला लागते, आणि तो नकळत वेग वाढवतो. त्याच्याही सायकलला पुढे ३०, मागे ३४ दातांइतका हलका गिअर असेल तर त्याच वेगाला पाय ७२ वर जातात आणि सावकाश चढणं सुखाचं होतं. हलका गिअर फक्त नवख्यालाच लागतो, या समजुतीने पुष्कळ जोड्यांची गाडी अडते.

सामानही सरावाच्या माणसाच्याच सायकलवर द्या: पाणी, खाणं, हत्यारं, पंप, जाकिटं, कुलूप. सहा-सात किलोंनी फरक मिटत नाही, पण कमी होतो. चढावर नवख्याला पुढे ठेवा आणि सपाटीवर शेजारी चालताना चाकाला चाक लावून चाला. सरावाच्या माणसाचं चाक सवयीने अर्धा हात पुढे असतं. शेजारचा ते गाठायला जोर लावतो, की हे पुन्हा अर्धा हात पुढे. पाच किलोमीटरांत नवखा दमतो आणि आपण वेग वाढवला हे पुढच्याच्या गावीही नसतं. "माझ्या मागे चिकटून ये, वारा लागणार नाही" हेही सुरुवातीला नको. वाऱ्याचा फायदा घ्यायचा तर अगदी जवळ राहावं लागतं, आणि नवख्याची नजर मग रस्त्यावर राहत नाही, पुढच्या चाकावर खिळते.

एवढं सगळं केल्यावर साडेसात मिनिटांची चार-पाच होतात. संपत नाहीत.

टँडम

टँडमवर वाट पाहणं हा प्रकारच संपतो. दोघं एकाच क्षणी वर पोचतात, आणि गप्पा तर अशा होतात की दोन सायकलींवर कधी होणार नाहीत, कारण मागच्याचं तोंड पुढच्याच्या कानापासून हातभर अंतरावर असतं. सपाटीवर दोघांची ताकद एकत्र होते पण हवा कापावी लागते ती साधारण एकाच माणसाएवढी, म्हणून टँडम पळते. चढावर मात्र दोघांचं वजन पूर्ण ओढावं लागतं, तिथे ती रेंगाळते.

पुढच्याला कॅप्टन म्हणतात, मागच्याला स्टोकर, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. या नावातच अडचण कळावी. मागच्याच्या हाती हँडल नाही, सहसा ब्रेक नाही, गिअर नाही, आणि समोर रस्ता नाही, पाठ आहे. दोघांचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, डाव्या बाजूच्या टायमिंग चेनने जोडलेले असतात, म्हणून एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. एकाला मिनिटाला ९० फेऱ्यांची गती आवडते, दुसऱ्याला ६५ ची. रोज कुठेतरी मध्ये भेटावं लागतं. मागे १६५ मिमी किंवा त्याहून आखूड क्रँक बसवल्याने थोडं सोपं जातं.

चालवायचं कसं याला ठरलेली रीत आहे. कॅप्टन पाय फाकवून उभा राहतो, दोन्ही ब्रेक घट्ट दाबतो. स्टोकर चढून बसतो, दोन्ही पाय पेडलवर ठेवतो आणि कॅप्टनला हवं ते पेडल वर येईपर्यंत क्रँक उलटा फिरवतो. कॅप्टनने पाय फाकवलेले नसले तर हेच पेडल त्याच्या नडगीवर बसतं. मग "तयार?" "तयार." आणि दोघं एकदम पहिला जोर लावतात. त्यानंतर कॅप्टनने बोलत राहायचं: खड्डा, गिअर, पाय थांबव, ब्रेक. मागची सीट मागच्या चाकाच्या जवळ असल्याने प्रत्येक खड्डा स्टोकरच्या कण्यात जातो, आणि न सांगता आलेला खड्डा दुप्पट लागतो. मागे स्प्रिंगची सीटपोस्ट घ्याच. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोघांनी ठरवून सीटवरून उठायचं, नाहीतर स्टोकर तासभर एकाच जागी रुतून बसतो.

टायमिंग चेन मध्यावर बोटाने वरखाली केली तर साधारण सेंटिमीटरभर हलावी. जास्त ढिली असेल तर हादऱ्यात उतरते. ताण देण्यासाठी पुढच्या क्रँकचा एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेट, म्हणजे मध्यापासून बाजूला असलेला आसाचा जोड, फिरवतात. चाकं ३६ किंवा ४० तारांची हवीत. लांब उतारावर चाकाची कडा (रिम) दाबणाऱ्या रिम ब्रेकवर भरवसा ठेवू नका: दोन माणसांच्या वजनाने रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. २०३ मिमीच्या चकतीचा डिस्क ब्रेक बरा. आणि साधारण अडीच मीटरची वस्तू घरात, जिन्यात, गाडीवर कशी न्यायची, ते विकत घेण्याआधी टेप घेऊन मोजा.

आवडली तर टँडमसारखं दुसरं काही नाही, हे मनापासून सांगतो. मला खटकतं ते एवढंच, की तिच्यावर जोडीदाराला सायकल चालवण्याची गोडी लागेलच असं नाही, तुमच्याबरोबर बसून जाण्याची लागेल. ब्रेक केव्हा दाबायचा, वळण कसं घ्यायचं, हे त्याच्या हाताला कधी कळतच नाही. दृष्टी अधू असेल किंवा तोल सांभाळणं जमत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे टँडमच पहिली निवड. बाकीच्यांनी आधी एक दिवस भाड्याने घेऊन पाहावी.

ई-सायकल

इथे अंतर मिटतं आणि दोघांचं हँडल ज्याच्या त्याच्या हातात राहतं. वरच्याच चढावर नवख्याला कमी पडत होते ८० वॉट. ई-सायकलचं वाढीव आठ-दहा किलो वजन ओढायला आणखी वीसेक धरा. म्हणजे मोटरने १०० वॉट दिले की दोघं शेजारी चढतात. २५० वॉटच्या मोटरला हे जड नाही, आणि पंधरा मिनिटांच्या चढाला बॅटरीतून ३०-३५ वॉट-तासच जातात. ४०० वॉट-तासांची बॅटरी असली तर दिवसाची फेरी निवांत होते.

पण कोणतीही ई-सायकल चालत नाही. पेडल फिरतंय एवढंच ओळखणारा कॅडन्स सेन्सर असला तर मोटर अर्धा फेरा उशिरा जागी होते, मग एकदम ढकलते, आणि पाय थांबवल्यावरही क्षणभर ढकलत राहते. चढावर थांबून पुन्हा निघताना, नेमकी गरज असते तेव्हा ती गप्प. शिवाय ती पायाचा जोर मोजत नाही, ठरावीक वेग देते. त्यामुळे नवखा विनासायास पुढे निघून जातो आणि मागे घामाघूम साथीदार. वाट पाहणं तेच, माणसं बदलली. टॉर्क सेन्सर पेडलवरचा दाब मोजतो आणि त्या प्रमाणात जोड देतो. थोडं दाबलं तर थोडी, जास्त दाबलं तर जास्त. नवख्यालाही आपणच चढलो असं वाटतं, आणि ते खरंच असतं. जोडीने फिरायचं असेल तर इथे तडजोड करू नये. बॅटरी लहान चालेल, सेन्सर टॉर्कचाच हवा.

उणिवा आहेत. बऱ्याच देशांच्या नियमांप्रमाणे ताशी २५ किलोमीटरला मोटर बंद होते. वारा पाठीशी असताना सरावाचा माणूस ३० ने निघाला तर नवख्याला २५ च्या पुढे २०-२२ किलोंची सायकल स्वतःच्या पायावर ढकलावी लागते. म्हणजे सपाटीवर आवर घालायचा तो सरावाच्यानेच. मागच्या चाकात मोटर असेल तर पंक्चर काढायला आधी वायरचा जोड सोडवावा लागतो, मग नट. बहुतेक वेळा १८ मिमीचा पाना लागतो, तो हत्यारांत ठेवाच. नटाखालचे वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा. उलटे बसले तर आस फ्रेमच्या खाचेत फिरते आणि वायर तुटते. मोटर क्रँकपाशी असेल तर चाक नेहमीसारखं निघतं, पण मोटरचाही जोर चेनवर येतो, म्हणून चेन लवकर झिजते आणि गिअर बदलताना पाय क्षणभर हलका करावा लागतो. बॅटरी महिनाभर वापरायची नसेल तर अर्ध्याच्या आसपास भरून सावलीत ठेवा. पूर्ण भरून उन्हात ठेवलेली लवकर म्हातारी होते.

एक नाजूक गोष्ट. ई-सायकल अचानक भेट म्हणून आणू नका. "तू मागे पडतोस" किंवा "तू मागे पडतेस" असाच तिचा अर्थ लागतो. दोघांनी मिळून जा, आणि दोघांनीही चालवून पाहा.

पाहायची ती चढावर. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर सगळ्याच ई-सायकली छान वाटतात. मधल्या गिअरमध्ये चढाच्या मध्यावर थांबा, एक पाय टेकवा, मग निघा. पहिल्या पाव फेऱ्यात मदत आली तर सेन्सर चांगला. पेडल फिरवायचं थांबवा. ढकलणं ताबडतोब थांबलं पाहिजे. मग जोडीदार मोटरच्या मदतीच्या सगळ्यात खालच्या पातळीवर आणि तुम्ही साध्या सायकलवर, असे शेजारी चढा. त्याला पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर एक पातळी वाढवा. तुम्हाला येत नसेल तर एक कमी करा. पातळीचं बटण मात्र नेहमी त्याच्याच हाती. पहिल्या महिन्यात बॅटरी वाचवायच्या मागे लागू नका. घरी पोचताना तीत एक-तृतीयांश उरली असेल, तर चढावर हात राखून मदत घेतली असं समजा आणि पुढच्या वेळी आणखी थोडी वापरा.