थंडरबर्ड, आठ महिने नव्या लॅपटॉपवर: सगळं ठीक, फक्त तो 'कॉम्पॅक्ट' शब्द बदला

१९ तारीख, संध्याकाळचे सात. जीएसटीचं काम करणाऱ्यांना पुढचं सांगायला नको, २० ला ३बी रिटर्न भरायचा असतो आणि अर्ध्या क्लायंटना बिलं १९ लाच आठवतात. फोंड्यात बाहेर पाऊस असा की समोरचं दुकान दिसत नव्हतं, ऑफिसात मी एकटा, आणि थंडरबर्डने, म्हणजे माझ्या मेलच्या प्रोग्रामने, नवे मेल घेणंच बंद केलं. डिस्कवर जागा नाही म्हणे. त्याच्या आधी पाच मिनिटं 'कॉम्पॅक्ट करू का' विचारणारी एक चौकट आली होती, तिला मी घाईत 'हो' म्हटलं, तर तिचं उत्तर आलं की इनबॉक्स कॉम्पॅक्ट करता आला नाही, फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, जागा आणि परवानगी तपासा.

हा रिव्ह्यू मी त्याच रात्री दोन स्टारने लिहायला घेतलेला. पुढे काय झालं ते वाचा.

लॅपटॉप नवा असला तरी प्रोफाइल, म्हणजे मेल आणि सेटिंगचं सगळं गाठोडं, २०१८ पासूनचं, तेच उचलून आणलेलं. पॉप अकाउंट, कारण आमच्या डोमेनवाल्याकडे मेलबॉक्सला जागा चिमूटभर आणि वाढवायची तर दर महिन्याला पैसे. मेल आपल्या मशीनवर उतरवायचे, सर्व्हरवर १४ दिवस ठेवायचे, पुढे सर्व्हर आपलं आपण साफ. फुकटात काम होतं.

तर आधी ज्याच्याकडून लॅपटॉप घेतला त्या दुकानदाराला फोन. त्याने मशीन न बघताच सांगितलं की मेलची फाइल करप्ट झालीय, रिकव्हरी करावी लागेल, एसएसडी पण मोठी घाला, साडेसहा हजार. मी म्हटलं सकाळी सांगतो. मग पुण्यात पुतण्या आहे आयटीत, त्याला लावला.

"काका, कॉम्पॅक्ट शेवटचं कधी केलं होतं?"

"कधीच नाही. ती चौकट आली की मी नंतर बघू म्हणून बंद करतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हसला मेला.

आता माझी बाजू ऐका. कॉम्पॅक्ट म्हणजे मला वाटायचं दाबून लहान करणं, झिप करतात तसं. आपल्या इनव्हॉइसच्या पीडीएफ कशाला कोण दाबू देईल? उद्या नोटीस आली आणि फाइल उघडलीच नाही तर? म्हणून सात वर्षं नाही म्हणत आलो. आणि प्रत्यक्षात त्याचा दाबण्याशी काही संबंधच नाही! थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक ठेवतो, एमबॉक्स म्हणतात त्याला. आपण मेल पुसतो तेव्हा तो फाइलमधून जात नाही, त्याच्या डोक्यावर फक्त पुसला अशी खूण पडते. चोपडीत ओळीवर काट मारली म्हणून पान कमी होत नाही ना, तसंच. कॉम्पॅक्ट म्हणजे काट मारलेल्या ओळी गाळून नवी चोपडी लिहायची आणि जुनी फेकायची, बस. ह्याला 'साफ करा' म्हटलं असतं तर माझी सात वर्षं वाचली असती.

खरं वाटेना म्हणून एका लहान फोल्डरची फाइल नोटपॅडमध्ये उघडली (मदतीच्या मेनूत ट्रबलशूटिंगची माहिती आहे, तिथून प्रोफाइलचं फोल्डर सरळ उघडतं, शोधत बसू नका). अगडबंब एबीसीडीचे ठोकळे, म्हणजे अटॅचमेंट, आणि मध्येच भावाचा तीन वर्षांपूर्वीचा मेल, घराच्या वाटणीवरून चिडून लिहिलेला, जो मी त्याच दिवशी पुसला होता. शब्द न् शब्द तिथेच. वर एक्स-मोझिला-स्टेटस नावाची ओळ आणि पुढे ०००९. पुतण्या म्हणाला १ म्हणजे वाचलेला, ८ म्हणजे पुसलेला. वाचला आणि पुसला, बरोबरच आहे.

इनबॉक्सची फाइल किती होती? १४ जीबी. सी ड्राइव्हवर शिल्लक ३. आणि गंमत अशी की नवी चोपडी लिहीपर्यंत जुनी टेबलावर असतेच, म्हणजे दोघींना जागा लागते. जागा नाही म्हणून साफ होत नाही, साफ होत नाही म्हणून जागा नाही. फोनचे फोटो, व्हिडिओ एक्सटर्नल डिस्कवर हलवून २० जीबी मोकळे केले.

परत केलं, परत एरर. ह्या वेळी दुसरं काहीतरी काम चालू आहे, नंतर प्रयत्न करा. दर दहा मिनिटांनी तो मेल आणायला जातो तेच ते काम. म्हणून आधी ऑफलाइन करा, खाली कोपऱ्यात चिन्ह आहे, मग कॉम्पॅक्ट. तरी अर्ध्यात थांबलं, आणि डावीकडे फोल्डरच्या यादीत एनएसटीएमपी नावाचं एक भलतंच फोल्डर उगवलं. मला वाटलं व्हायरस. पुतण्या म्हणाला व्हायरस नाही, अर्धवट लिहिलेली नवी चोपडी आहे, जुनी सलामत आहे का बघा, थंडरबर्ड बंद करून ती तात्पुरती फाइल उडवा. आणि अडवतोय कोण, तर अँटिव्हायरस, तो लिहितानाच फाइल धरून तपासत बसतो. प्रोफाइलचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळलं आणि रात्री साडेअकराला लावून खुर्चीतच डोळा लागला.

जाग आली ती पोदेराच्या भोंप्याने. इनबॉक्स ५.२ जीबी. गरम पाव घेतले, ३बी दुपारी दोनच्या आत गेला. साडेसहा हजार खिशात.

मग चार स्टार लिहून ठेवले.

अपडेट, तीन आठवड्यांनी: सकाळी उघडलं तर इनबॉक्स कोरा. एकही मेल नाही. पोटात गोळा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. थंडरबर्डला शिव्या घालून झाल्यावर बघतो तर अँटिव्हायरसचं लायसन्स रिन्यू केलं तेव्हा माझी वगळलेली यादी पुसली गेलेली, आणि कुणाच्या तरी एका मेलमध्ये वाईट अटॅचमेंट होतं म्हणून त्याने आख्खी इनबॉक्सची फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली. एका नासक्या आंब्यासाठी सगळी पेटी. नशीब, पुसली नव्हती. परत जागेवर आणली, मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. त्याने फक्त अनुक्रमणिका नव्याने बनते, ती एमएसएफ वाली छोटी फाइल, मेलना हात लागत नाही. दहा मिनिटांत सगळे मेल दिसले. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये अँटिव्हायरसला येणारा मेल सुटा तपासू द्या असा एक पर्याय आहे, तो आता लावलाय, आणि इनबॉक्समध्ये आता चालू वर्षच ठेवणार, बाकी वर्षवार फोल्डर. एक गेलं तर एकच जाईल.

बाकीचं थोडक्यात. २०२३ मध्ये ११५ नंबरचं व्हर्जन आल्यावर दिसणं बदललं त्याची मला सवय झाली, ऑफिसातल्या बाईंना अजून नाही. सर्च बरा. २०० एमबी वाचणार असतील तेव्हा आपणहून कॉम्पॅक्ट कर, हे आता चालू ठेवलंय. ते सेटिंग आत कॉन्फिग एडिटरमध्ये पण आहे आणि तिथे थ्रेशोल्डच्या स्पेलिंगमध्ये एक एच जास्त पडलाय, इतकी वर्षं कुणी काढला नाही, मला तो बघून का कोण जाणे बरं वाटलं.

साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो त्या शब्दासाठी, आणि तो परत देणार नाही.

राहिला बॅकअप. काल ५.२ जीबीची फाइल पेनड्राइव्हवर टाकायला गेलो तर विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे, ३२ जीबीचा ड्राइव्ह बराचसा रिकामा दिसत असताना. फॅट३२ आहे तो, म्हणजे जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, एक फाइल ४ जीबीच्या वर घेतच नाही. एक्सफॅट करायला फॉरमॅट मारावा लागेल आणि त्यावर वाड्यावरच्या चवथीच्या घुमट आरत्यांची रेकॉर्डिंग आहेत, ती आधी कुठेतरी हलवायची. उद्या ११ तारीख, जीएसटीआर-१ रिटर्न भरायचा. परवा बघतो.